लोळिंग स्टोन्स आणि मंडळी

खिडकीच्या लोखंडी गजांवर बसून पहाटे साडेपाचला किंचाळणाऱ्या मैनेचं नाव तुम्ही काय ठेवाल? आमच्या हॉस्टेलने ठेवलं, ‘आयर्न मैना’!

ज्यांना आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड माहीत आहे, ते इथेच हसले असतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मूळ आयर्न मेडन म्हणजे छळाची लोखंडी पेटी. आतून खिळे लावलेली, माणसाला उभं कोंडायची. आता सबमिशनच्या आठवड्यात पहाटे तीनला पाठ टेकलेल्या मुलीला ही मैना साडेपाचला उठवते, तेव्हा तिच्या मनात जे काही येतं त्याला दुसरं नाव सुचूच शकत नाही.

तर मंडळी, गेल्या वर्षभरात मेसच्या नोटीस बोर्डवर जी पोस्टर्स लागत होती, ती कुणाची आणि कशासाठी, हे बऱ्याच जणांनी विचारलं. काहींनी प्रेमाने विचारलं, काहींनी ‘तुम्हाला अभ्यास नाही का’ या सुरात विचारलं. दोघांनाही एकत्रच उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी कलाकारांची ओळख करून देते.

लोळिंग स्टोन्स : गेटजवळचा तांबूस म्हातारा कुत्रा. ठिकाण, रेतीचा ढीग. काम, नावातच आहे. मूळ रोलिंग स्टोन्स १९६२ पासून वाजवतायत आणि थांबायचं नाव घेत नाहीत. आमचा हा कधी सुरू झाला हे वॉचमन काकांनाही आठवत नाही.

भुंकीन पार्क : पार्किंगमधला काळा कुत्रा. ‘भुंकीन’ म्हटलं की भुंकणारच. मूळ लिंकिन पार्कच्या गाण्यांत ओरडणं कुठून सुरू होईल सांगता येत नाही, इथेही तसंच. फक्त याच्या समोर टू-व्हीलर लागते.

भू-टू : मेसमागचे दोन जुळे भाऊ. एकाने ‘भू’ केलं की दुसऱ्याने केलंच पाहिजे. खरा यू-टू बँड १५ डिसेंबर २०१९ ला आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला, तो त्यांचा भारतातला पहिला कार्यक्रम. तेव्हा मी नववीत होते. त्यामुळे माझ्या वाट्याला भू-टूच आले.

शेपटालिका : मेटॅलिकाची लांबची बहीण. डोकं हलवण्याऐवजी शेपूट हलवते, पण वेग तोच.

लेट झोपेलीन : करड्या रंगाची मांजर. रात्री कॉमन रूममध्ये टेबल टेनिस चालू असेपर्यंत जागी, दिवसभर प्रिंटरवर आडवी. खऱ्या लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते. आमची झोपेलीन मात्र कॅम्पसच्या बाहेर कधी गेलेली नाही.

घूस अँड रोझेस : मेसच्या मागच्या गुलाबाच्या वाफ्यात बीळ. हा कुणाचाच पाळीव प्राणी नाही, पण आपल्या जेवणावर तोही पोसला जातो, म्हणून सन्माननीय सदस्यत्व.

यात सर्वांत शेवटी आलेले आणि सर्वांत जास्त टाळ्या घेतलेले कलाकार म्हणजे कोल्डपिल्ले. त्यांच्यापासूनच हे सगळं सुरू झालं, म्हणून ते जरा सविस्तर.

जानेवारी २०२५. तारखा १८, १९ आणि २१. डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले. देशभरातली मुलं नेरूळला लोटत होती आणि आम्ही नेरूळमध्येच राहून तिकिटाविना! तिकिटाची किंमत आणि माझं महिन्याचं मेस बिल यांची तुलना करून झाल्यावर मी आणि माझी रूममेट गच्चीवर गेलो. तिथे ऐकू काय आलं? फक्त बेस. सिग्नल्सचा पेपर दिलेल्यांना कारण सांगायला नको. उंच स्वर हवेत आणि भिंतींत लवकर विरतात, खालचे स्वर लांबवर पोचतात. म्हणजे फुकट्या श्रोत्यांच्या वाट्याला नेहमी धडधडच येते, गाणं नाही.

खाली आलो तर वॉटर कूलरच्या मागे शेपटालिका. आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं, जेमतेम दोन दिवसांची. कूलरमधून गळणाऱ्या थंड पाण्याच्या शेजारी. रूममेट नागपूरची. ती शांतपणे म्हणाली, “कोल्डप्ले नाही भेटला त काय झालं, कोल्डपिल्ले त भेटले न बे.”

दुसऱ्या दिवशी मेसच्या बोर्डवर पोस्टर. ‘कोल्डपिल्ले! लाइव्ह! वॉटर कूलरच्या मागे. प्रवेश विनामूल्य. टाळ्या वाजवू नयेत, आई चावेल.’ संध्याकाळपर्यंत कूलरपाशी रांग, आणि रात्री कुणीतरी आपला जुना टॉवेल आणून खाली अंथरलेला. टॉवेल कुणाचा ते आजतागायत कळलेलं नाही.

आता थोडं गंभीर. (घाबरू नका, थोडंच.)

रॉकवाल्यांची ही चेष्टा आपण करतोय असं मला वाटत होतं. मग जरा वाचलं, तर ते लोक आपल्या आधीच तिथे पोचलेले! नावंच बघा ना. द अ‍ॅनिमल्स, द मंकीज, ईगल्स, स्कॉर्पियन्स, डेफ लेपर्ड. अख्खं जिजामाता उद्यान. बडी हॉलीच्या बँडचं नाव होतं द क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे. त्यावरून लिव्हरपूलच्या पोरांनी किड्याचंच नाव घेतलं, पण बीटल या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘बीट’ म्हणजे ठेका घुसवला. थोडक्यात, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बँडचं नाव हीच मुळात एक कोटी आहे, आपल्या ‘कोल्डपिल्ले’च्या जातीची.

१९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या शेवटी बीटल्सनी पंधरा किलोहर्ट्झच्या आसपासचा एक स्वर टाकला, तो खास कुत्र्यांसाठी. माणसाला तो जेमतेम ऐकू येतो, वय झालं की येतच नाही. कुत्र्याला साधारण पंचेचाळीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याहूनही वर, चौसष्टच्या आसपास. म्हणजे आपण जे वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकून खूश होतो, ते लेट झोपेलीनच्या दृष्टीने गच्चीवरचा बेसच असणार.

पुढे १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘बीटल बार्कर्स’ नावाचा अख्खा अल्बम निघाला. गाणी बीटल्सची, आवाज भुंकण्याचे. अमेरिकेतल्या हेटबीक या मेटल बँडचा गायक चक्क एक पोपट होता. आणि २०१० मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाऊसबाहेर लॉरी अँडरसन या कलावतीने कुत्र्यांसाठी मैफल केली. श्रोते खरेखुरे कुत्रे, मालक सोबतीला. त्यापुढे आमची ए-फोर साइझची पोस्टर्स म्हणजे काहीच नाही.

पण माझ्या सगळ्यांत जवळचा माणूस वेगळाच. मी वाईची. गाव असं की जिथे मराठी विश्वकोश घडला, आणि शाळा मात्र पसरणीचा घाट चढून वर, पाचगणीला, कॉन्व्हेंट. रोज खाली मराठी, वर इंग्रजी. त्याच पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत, १९५० च्या दशकात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा बोर्डिंगमध्ये राहत होता. फारूख बलसारा. १९५८ च्या सुमारास तिथेच त्याने मित्रांबरोबर द हेक्टिक्स नावाचा बँड केला. पुढे त्याने नाव बदललं आणि तो क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी झाला. आमच्याकडे एस.टी.त बसल्यावर मोठी माणसं खिडकीतून टेबल लँड दाखवायची. माझे बाबा शाळेची दिशा दाखवून म्हणायचे, “तिकडं फ्रेडी शिकला.” बाबांच्या कॅसेट्समधून मी इंग्रजीच्या आधी क्वीन शिकले असं आई म्हणते.

तर या फ्रेडीचा जीव मांजरांवर. दौऱ्यावर असताना तो घरी फोन लावून मांजरांशी बोलायचा, असं त्याच्या जवळच्यांनी लिहून ठेवलंय. त्याने १९८५ चा स्वतःचा पहिला अल्बम आपल्या जेरी नावाच्या मांजराला आणि जगातल्या समस्त मांजरप्रेमींना अर्पण केला. आणि १९९१ च्या ‘इन्युएन्डो’मध्ये डिलायला या लाडक्या मांजरीवर एक गाणंच आहे. त्यात ब्रायन मे याने टॉक बॉक्स लावून गिटारमधून ‘म्यांव’ काढलंय. टॉक बॉक्स म्हणजे गिटारचा आवाज नळीतून वादकाच्या तोंडात सोडायचा आणि ओठांनी त्याला आकार द्यायचा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी कधीतरी मिनी प्रोजेक्टला घ्यावा, एक्स्टर्नल एक्झॅमिनर निदान जागा राहील.

म्हणूनच आमच्या पोस्टरमालिकेत क्वीनचं विडंबन नाही. गरजच नाही. इंग्रजीत पिल्लं देणाऱ्या मांजरीला क्वीनच म्हणतात!

‘विडंबन’ हा शब्द आमच्या रेक्टर मॅडमनी दिला. मी आपली ‘पॅरडी’ म्हणत होते. तिसरं पोस्टर लागलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, झालं, आता फाइन. मॅडमनी पोस्टर टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “याचं मूळ काय आहे?” मी लेड झेपेलिन सांगितलं. त्यांना तो माहीत नव्हता. मग त्या म्हणाल्या, “अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहिलं १९२५ साली, केशवकुमार या नावाने. त्या काळच्या बड्या कवींची टर उडवली. पण ते कवी ज्याला पाठ, त्यालाच खरी मजा. मूळ माहीत नसलं तर विडंबन म्हणजे नुसता चहाटळपणा.” आणि मला मोबाईलवर मूळ गाणं लावायला सांगितलं. पूर्ण आठ मिनिटं ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “बरं आहे. सुरुवात जास्त बरी आहे.”

मॅडमचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण मेसमध्ये नेमकं उलटं दिसत होतं. चपात्या लाटणाऱ्या मावशींना झेपेलिन कोण ते ठाऊक नाही. तरी त्या पोस्टर वाचून पदर तोंडाला लावून हसल्या. मी विचारलं, “मावशी, काय कळलं?” तर म्हणाल्या, “अगं, ही बया झोपत्येय कुठं? रात्रभर माझ्या दुधाच्या पातेल्याभवती! लेट झोपेलीन म्हणे. झोपेल तेव्हा खरी.”

म्हणजे या पोस्टर्सना मूळ दोन होती. एक बँड आणि एक प्राणी. आम्हाला बँडची सगळी माहिती, ड्रमर कधी बदलला हेसुद्धा, पण दारातल्या कुत्र्यांना आम्ही एकाच शब्दात ‘कुत्रे’ म्हणत होतो. मावशींना बँड माहीत नव्हते. पण त्यांना कोण लंगडतो, कोणाला ताक चालतं, कोणाची आई कोण, सगळं तोंडपाठ. चांगलं पोस्टर करायचं तर आम्हाला मावशींकडे जावं लागायचं. ‘भू-टू’मधला कोणता आधी भुंकतो हे त्यांनीच सांगितलं. (डावा कान मुडपलेला.)

मराठीत एक गंमत आहे. ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं, आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे निंदा. मध्ये फक्त एक टिंब. घाटाच्या वर शिकलेल्या मला हा फरक फार आवडतो, कारण इंग्रजीत तो नाहीच. आमची पोस्टर्स त्या टिंबावर बसली होती. नावं ठेवायला म्हणून सुरुवात केली आणि नाव ठेवून बसलो. एकदा नाव ठेवलं की ‘ते कुत्रं’ म्हणता येत नाही. कुणी दगड उचलला की दुसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा, “ए, लोळिंगला नाही हां मारायचं!”

इथे लेख संपवला असता तर सगळे खूश झाले असते. पण सप्टेंबर २०२५ मध्ये भुंकीन पार्क फर्स्ट इयरच्या एका मुलीला चावला. ती लायब्ररीतून रात्री स्कूटीवर येत होती. घोट्याच्या वर, चांगले दोन दात. त्याच रात्री तिला इंजेक्शन दिलं, मग पुढच्या तारखा. एक डोस नेमका इंटर्नल्सच्या दिवशी आला. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळे डोस चुकवायची सोय नाही. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, “ताई, पोस्टर छान होतं. पण तो विनोद मला चावला.” यावर काय बोलणार? बोर्डवरचं ते पोस्टर मी त्या दिवशी उतरवलं.

आणि मग ७ नोव्हेंबर २०२५. सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडा संकुलं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतले भटके कुत्रे हलवावेत, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावेत, आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. तोवर २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी करून, कानाला खाच मारून, जिथून आणला तिथेच सोडत. शेपटालिकाच्या कानाला ती खाच आहे. आता परत सोडणं नाही.

हॉस्टेलमध्ये दोन तट पडले. काही मुली रडल्या, काही म्हणाल्या बरं झालं, रात्री निर्धास्त फिरता येईल. दोन्ही बाजूंना कारणं होती, आणि घोट्यावर टाके असलेल्या मुलीसमोर प्राणिप्रेमाचं भाषण कोण देणार? कॉलेजने यादी मागवली. कागदावर छापलेलं, ‘भटके श्वान, एकूण संख्या’. मॅडमनी आठ हा आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, “तुमच्याकडे नावं आहेत ना? मग घरं शोधा. पाळीव झाला की तो भटका राहत नाही. जे करायचं ते गाडी यायच्या आत करा.”

तेव्हा पोस्टर्स पुन्हा निघाली. तीच चित्रं, तीच नावं, खाली नवा मजकूर. ‘फेअरवेल टूर. कायमचं घर हवे.’ कोटीने लोकांना थांबवलं, थांबल्यावर ते खालचा मजकूर वाचू लागले. वय, लस, नसबंदी, सवयी. सवयी मावशींनी सांगितल्या. कोल्डपिल्ले आता दहा महिन्यांचे, पिल्लू म्हणायला लाज वाटेल इतके. एक कामोठ्याला गेला, एक डोंबिवलीला, तिसरी पनवेलला आमच्या लॅब असिस्टंटच्या घरी. तिकडे तिला ‘कोल्डी’ म्हणतात. भू-टू ‘दोघे एकत्रच मिळतील’ या अटीवर कर्जतजवळच्या एका वाडीवर. म्हाताऱ्या लोळिंगला कोण नेणार असं वाटत होतं, तर वॉचमन काकाच रोह्याला आपल्या गावी घेऊन गेले. म्हणाले, “गावाला रेती भरपूर आहे.”

भुंकीन पार्कचं पोस्टर करायचं की नाही, यावर आमची भांडणं झाली. शेवटी त्याचा मजकूर त्या फर्स्ट इयरच्या मुलीनेच लिहून दिला. मी तो शब्दही न बदलता लावला. ‘टू-व्हीलर दिसली की मागे धावतो. एकदा चावला आहे, मलाच. गाड्या नसतील अशा ठिकाणी कदाचित शहाण्यासारखा वागेल. मला तो इथे नको आहे, पण त्याचं वाईटही व्हायला नको आहे.’ आमच्या सगळ्या पोस्टर्समध्ये विनोद नसलेलं हे एकच. सगळ्यांत जास्त वेळ लोक याच्यासमोर उभे राहिले. न्यायला मात्र कुणी आलं नाही. शेपटालिकेसाठीही आलं नाही, तीन पोरं वाढवून तिचं वय झालेलं.

डिसेंबरमध्ये गाडी आली. आठांपैकी दोघंच उरले होते. भुंकीन गाडीवर भुंकला, सवयीप्रमाणे. शेपटालिका शेपूट हलवत स्वतःहून चढली, ते बघवलं नाही. गाडीबरोबर आलेले काका फॉर्म भरत होते. रकाना आला, ‘ओळखीची खूण किंवा नाव’. आमच्यापैकी कुणीतरी सांगितलं. काकांनी नीट अक्षरात लिहिलं आणि वर बघून विचारलं, “पार्क हे आडनाव का?”

सगळ्यांना हसू आलं. चावा खाल्लेलीलाही. मग ती म्हणाली, “हो काका, आडनावच.”

मांजरांचा आदेशात उल्लेख नाही, त्यामुळे लेट झोपेलीन प्रिंटरवर आहे. मैना साडेपाचला हजर असते. आता खालून तिला साथ द्यायला कुणी भुंकत नाही, म्हणून तिचा आवाज जास्त लागतो. सुटीच्या दिवशी आम्ही तिघी-चौघी निवाऱ्यात जाऊन येतो. तिथे पिंजऱ्यांना नंबर आहेत. दोन पिंजऱ्यांवर नंबराखाली कागद चिकटवलेला दिसेल. ज्यांच्या घरासमोर टू-व्हीलर जात नाहीत आणि मन मोठं आहे, त्यांनी दुसऱ्या मजल्यावर येऊन चौकशी करावी. लिंकिन पार्क माहीत असण्याची अट नाही.